वहीत न उतरलेला रविवार

फलोदी, राजस्थान
८ जानेवारी

प्रिय अक्षया,

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता देवगडला तुझ्या मेडिकलच्या पत्त्यावर पाठवतोय, त्याची आधी माफी मागतो. घरी पाठवलं असतं तर पोस्टमनने ते कुणकेश्वरला देवळासमोरच्या तुमच्या दुकानात नेऊन तुझ्या बाबांच्या हातात दिलं असतं, आणि जावयाचं पत्र म्हणून त्यांनी ते सगळ्यांसमोर कौतुकाने फोडलं असतं. मेडिकलच्या मालकांनी उघडू नये म्हणून पाकिटावर मी आधी 'खाजगी' लिहिलं होतं. मग वाटलं, खाजगी लिहिलेलंच लोक पहिलं उघडतात. ते पाकीट फाडून दुसरं आणलं, त्यावर नुसतं तुझं नाव टाकलंय. इथले पोस्टमास्तर म्हणतात सहा दिवस लागतील, फार तर सात. म्हणजे पंधरा तारखेला तुझ्या हातात. साखरपुडा सव्वीसला. मधले दिवस तुला पुरतील की नाही, ते मला कळत नाही. पुरावेत म्हणून आज काम अर्धं टाकून पोस्टात बसून लिहितोय. हे वाचून तू नाही म्हणू शकतेस. तू नाही म्हणू नयेस असं मला फार वाटतं, आणि तरी पाठवतोय. एवढं पहिल्याच पानावर लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि पाकीट बंद करायची वेळ येईल.

आपण दोनदाच भेटलो. पहिल्यांदा तुमच्या घरी, तेव्हा मी खाली बघून चहा प्यायलो आणि तुझ्या पायांपलीकडे मला काहीही दिसलं नाही. दुसऱ्यांदा दिवाळीत, देवळामागे किनाऱ्यावर. तुझी मथुरा मावशी दहा पावलांवर उभी राहून समुद्र बघायचं नाटक करत होती आणि मधेच ओरडून सांगत होती, "बोला गो, बोला, माका काय आयकाक येणा नाय!" तू हसलीस आणि मला विचारलंस, "तुमका राग येता काय हो?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "मगे काय येता?" मी हसलो. तुला वाटलं असेल, लाजला. मला उत्तर माहीत होतं, अक्षया. ते ओठांपर्यंत आलंही होतं. त्याच वेळी मावशीने "भरती इली रे, पाय भिजतले" म्हणून हाक मारली आणि मी सुटलो. तेव्हापासून फोनवर आपण रोज बोलतो, तू चार ओळी लिहितेस आणि मी अंगठा दाखवतो. तू म्हणतेस, बोटां झिजतत काय तुमची. नाही झिजत. फोनवर लिहिलेलं लगेच जातं, त्याची मला धास्ती वाटते. हातातलं पान निदान थोडा वेळ माझ्याजवळ राहतं.

तर, मगे काय येता. माका भीती येता. कशाची म्हणशील तर कशाचीच नाही, आणि तेच वाईट आहे. मागच्या मे महिन्यात मी गावी होतो तेव्हा कुडाळच्या स्टँडवर पहिल्यांदा जोरात आलं. आमच्या वालावलच्या गाडीची वाट बघत होतो, हातात आईने सांगितलेले सुके बांगडे होते. एकदम छातीत कोणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं, हाताला मुंग्या, कानात आवाज, आणि आपण आता इथेच मरणार याची अगदी खात्री. मी बाकड्यावर आडवा झालो. लोक जमले. दवाखान्यात छातीला वायरी चिकटवून हृदयाचा कागद काढला, डॉक्टर म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे, गॅस झालाय. बांगड्यांची पिशवी स्टँडवरच राहिली आणि आई दोन दिवस त्या बांगड्यांसाठीच हळहळत होती, मला वाटतं माझ्यासाठी हळहळायची तिला हिंमत होत नव्हती म्हणून. त्यानंतर ते येतच राहिलं. कधी पंधरा दिवसांनी, कधी लागोपाठ. बसलेलो असताना येतं, जेवताना येतं.

घरी आई म्हणाली, "ह्येका बाहेरचा काय तरी लागलाहा." धोंडूकाकांनी, माझ्या चुलत्यांनी, गावदेव रवळनाथासमोर गाऱ्हाणं घातलं. आमच्या गावात गाऱ्हाणं तेच घालतात, त्यांचा मान आहे, आवाजही तसाच आहे. तुला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मला खरंच जरा बरं वाटलं. काका नारळ हातात धरून एकेक वाक्य सुटं करून देवाला सांगत होते. की ह्या लेकराचो जीव घाबरता, ह्येका झोप नाय, ह्येचा कामात ध्यान नाय, आणि प्रत्येक वाक्यामागे चौघेजण म्हणत होते, व्हय म्हाराजा. माझं जे मी कोणालाच सांगत नव्हतो ते कोणीतरी मोठ्याने, क्रमाने बोलत होतं आणि ऐकणारे त्याला होय म्हणत होते. आठ दिवस बरे गेले. मग परत सुरू झालं, आणि तेव्हा मला आईबाबांना सांगायची लाज वाटायला लागली. देवाचं करून पण ह्याला गुण नाही असं त्यांना वाटेल म्हणून. निलेशने राजस्थानातलं काम सांगितलं तेव्हा मी पगारसुद्धा नीट विचारला नाही. निलेश म्हणजे आमच्याच वाडीतला, त्याच्यामुळे मी इथे आलो. जितकं लांब तितकं बरं, एवढंच डोक्यात होतं.

इथलं काम तुला माहीत आहे, काचा पुसायचं. सोलरच्या काचांच्या रांगा, एकेक रांग आपल्या वाडीहून लांब. टँकर पुढे, पाइप मागे, आणि आम्ही लांब दांड्याचे वायपर घेऊन चालत राहायचं. दहा वाजले की काच तापते, मग चार वाजेपर्यंत बसायचं. धूळ अशी की सकाळी पुसलेली रांग संध्याकाळी कोणी पुसलीच नाही असं वाटतं. ऑक्टोबरात एकदा दोन रांगांच्या मधे असताना मला आलं. पुढे काचा, मागे काचा, सगळीकडे आभाळ दिसत होतं आणि माणूस एक दिसेना. मी काचेखाली सावलीत जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसलो. निलेशने शोधून काढलं आणि टँकरमधे घालून सरकारी दवाखान्यात नेलं. परत छातीचा कागद, परत हृदय चांगलं. पण इथल्या डॉक्टरांनी गॅस म्हटलं नाही. शेजारच्या खोलीत एका मॅडमकडे पाठवलं. त्यांनी त्याचं नाव सांगितलं, पॅनिक अटॅक, आणि सांगितलं की यात माणूस मरत नाही. मी म्हटलं, मॅडम, त्या वेळी ते पटत नाही. त्या म्हणाल्या, नाहीच पटणार, म्हणून रोज लिही. हाताने, दहा मिनिटं, फोनवर नको. कधी आलं, त्याआधी काय चाललं होतं, काय मनात होतं. शुद्ध लिहू नको, मला दाखवायलाही लिहू नको. मी म्हटलं, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. त्या म्हणाल्या, "तो क्या हुआ, डर भी कौन-सा स्कूल गया है?"

गुरांची पेंड विकणाऱ्या दुकानात दोनशे पानी वही मिळाली. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'आज काही नाही.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आज पण काही नाही, नऊ रांगा झाल्या.' निलेश खोलीभर सांगत सुटला. "काय रे चंद्या, कादंबरी लिवतंस? माका बरो दाखय हां त्यात, माझा अजून लगीन जावचा आसा!" आठ दिवस मी फक्त जेवण आणि रांगा लिहिल्या. नवव्या दिवशी जेवायच्या आधी छातीत सुरू झालं आणि काय करावं सुचेना म्हणून वही ओढली. अक्षर असं आलं की आज मलाच वाचता येत नाही. पण एक गोष्ट कळली. डोक्यात दहा विचार एकदम धावत असतात, आणि हाताला एका वेळी एकच अक्षर काढता येतं. 'मी मरणार' एवढं लिहायलासुद्धा वेळ लागतो. म वर वेलांटी देईपर्यंत एक श्वास जातो. मग पुढचं लिहायचं, मागचे नऊ तोवर थांबलेले. त्या दिवशी दीड पान झालं आणि मी मेलो नव्हतो. जेवलो पण.

तुला वाटेल, मग झालं की बरं. नाही झालं. अजून येतं, या महिन्यात दोनदा येऊन गेलंय. पण ते येतं कधी, हे वहीने दाखवलं. मला वाटायचं उन्हाने येतं, चहाने येतं. वहीत बघितलं तर बहुतेक वेळा रविवार. रविवारी मी घरी फोन करतो. आई विचारते, कसो आसंस, मी म्हणतो, बरो आसंय. त्यानंतर तासा-दोन तासांत येतं. बरो आसंय हे दोन शब्द मला इतके जड जातात हे मला स्वतःला माहीत नव्हतं. आणि दुसरं, जे मी तुला सांगितलंच पाहिजे. तुमच्या घरी माझी चौकशी करताना तुझ्या बाबांनी विचारलं होतं, मुलगा एका जागी टिकत नाही असं ऐकलं. आमचे बाबा म्हणाले, जरा चळवळो आसा, लगीन झाल्यार बसतलो. मी पण स्वतःला तसाच समजत होतो. गोव्यात हॉटेलात होतो, मालवणला बोटीवर पर्यटकांना जॅकेट बांधायचो, आंबोलीला भजी-चहाच्या टपरीवर होतो. सगळीकडे सहा-आठ महिने आणि कंटाळा. एक दिवस वहीत या जागा एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर शेवटचा आठवडा कसा गेला ते आठवून लिहिलं. तेव्हा त्याला नाव नव्हतं, कुडाळइतकं जोरातही नव्हतं, पण तेच होतं. गोव्यात भांडी घासताना काचेचा ग्लास हातातून सुटून फुटला, सगळे बघत राहिले. मालवणला बोट निघायच्या वेळी मी उतरून वाळूत बसलो. आंबोलीला टपरीच्या मालकाने गिऱ्हाइकांसमोर ओरडून सांगितलं, "ह्येका चाय पाजा रे, नायतर माझ्याच दारात मरतलो!" लोक हसले, मीही हसलो. प्रत्येक ठिकाणी त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मी काम सोडलं होतं. कंटाळून मी एकही जागा सोडलेली नाही, अक्षया. मला तसा बघितलेल्या माणसांसमोर परत उभं राहता येत नाही, म्हणून मी निघून जातो. हे लिहिलं त्या दिवशी मी पेन ठेवून बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. कारण पुढचं आपोआप सुचलं. एक दिवस तू बघशील. आणि बायकोला सोडून कुठे जायचं, कसं जायचं, याचाही मी त्या वेळी विचार करायला लागलो तर?

आईचा काल फोन होता. काजूला मोहर चांगला आलाय, मळभ नको एवढंच. तुझ्या साडीचा रंग आबोली ठरलाय ना, ती सगळ्यांना सांगत असते, सुनेन स्वतः पसंत केल्यान म्हणून. घराच्या पुढच्या पडवीला रंग काढलाय. ती एवढी आनंदात आहे की माझा आवाज ऐकून तिला काही वेगळं वाटत नाही. मी हे लिहितोय ते तिला माहीत नाही. बाबांनाही नाही. हे त्यांना कळलं की धोंडूकाकांच्या मानाला धक्का, बाबांची मान खाली, आणि पडवीचा रंग तसाच ओला. ते सगळं डोळ्यांसमोर येतं आणि इथे पोस्टातल्या बाकावर बसल्या-बसल्या छातीत सुरू होतंय. थांब जरा.

लिहितोय परत. पोस्टमास्तरांनी पाणी दिलं. विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, बरो आसंय, आणि मग त्यांना मालवणी कळत नाही हे आठवून माझं मलाच हसू आलं.

मागच्या रविवारी, म्हणजे चार तारखेला, मी वही पहिल्यापासून वाचली. मॅडमनी सांगितलं होतं, तीन महिने झाले की एकदा मागचं सगळं वाच. वाचता वाचता अठ्ठावीस डिसेंबरच्या पानावर आलो. तुला ती तारीख माहीत आहे. त्या दिवशी सकाळी आमच्या रवळनाथाला आपल्या लग्नाचा कौल लावला, कौल उजवा पडला, आणि बाबांनी लगेच तुमच्याकडे फोन करून सांगितलं. दुपारी तुझा मेसेज आला होता, "देवान तर होय म्हटल्यान, आता तुमी काय म्हणतास?" आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. एवढा मोठा दिवस. वहीत काय आहे माहीत आहे? 'आज वारा फार. जेवणात बटाटा. जीव घाबरला नाही.' एवढंच. तीन महिन्यांत मी वहीत खोटं कधी लिहिलं नव्हतं, कारण वाचणारं कोणीच नव्हतं, खोटं कोणासाठी लिहिणार. त्या दिवशी मात्र तीन वाक्यांत एक सरळ खोटं होतं. त्या दिवशी सकाळी मला एवढ्या जोरात आलं होतं की निलेश माझा हात धरून बसला होता. ते पान बघितलं आणि वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर मी खरा रविवार लिहायला बसलो. सहा पानं झाली. हे पत्र त्यातूनच काढलंय. चार दिवस उतरवतोय आणि फाडतोय.

खरा रविवार असा होता. धोंडूकाकांनी मला देवळातून फोन लावला आणि फोन देवासमोर ठेवला, म्हणजे मी लांब असलो तरी हजर. "आयकतंस मा रे? हात जोड थंयसर," म्हणाले. मी काचांच्या रांगेत उभा राहून हात जोडले. तुमच्याकडे कौल कसा लावतात ठाऊक नाही, आमच्याकडे गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारायचा, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझी अशी समजूत होती की प्रश्न तुझं-माझं जुळतं का, असा असेल. काकांनी विचारलं, "ह्या लेकराचो जीव जो घाबरता, तो लगीन झाल्यार थाऱ्यावर येतलो आसात, तर उजवो कौल दी म्हाराजा." चौघांनी व्हय म्हाराजा म्हटलं. उजवी पडली. मी पलीकडून ओरडायला हवं होतं की असं विचारू नका, निदान तिच्या घरी हा प्रश्न पण सांगा. मी जोडलेले हात तसेच ठेवले. मागून बाबांचा आवाज आला, "तेंका ह्या सांगूची गरज नाय. देवान सांगल्यान मा?" तेही मी ऐकलं आणि गप्प राहिलो. फोन बंद झाला आणि तिथेच मला आलं, निलेशने हात धरला तो तेव्हा. तुम्हाला सगळ्यांना फक्त उत्तर कळवलं, प्रश्न कोणीच कळवला नाही, आणि ते लपवण्यात मी होतो. माझ्या माणसांवर रागावू नकोस, त्यांनी ते भीतीपोटी केलं, आणि भीती काय करायला लावते ते माझ्याइतकं कोणाला कळणार. पण तू कोणाचं औषध म्हणून आमच्या घरी यावंस हे मला नको आहे. तू आलीस आणि मी बरा झालो नाही तर ते तुझ्या माथ्यावर मारतील, आणि तेव्हाही मी असाच गप्प राहीन की काय, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून देवाला न विचारता तुलाच विचारतो, पूर्ण प्रश्न, माझ्या हाताने लिहून. या माणसाचा जीव घाबरतो, तो बरा होईल की नाही ते कोणाला माहीत नाही, लग्नाने होईल असं तर मुळीच नाही, तो लिहितोय आणि दवाखान्यात जातोय, आणि आजवर तो सगळीकडून पळालाय. हे सगळं कळल्यावर तू त्याच्याशी लग्न करशील का? नाही म्हणालीस तर घरी माझं नाव सांग, मुलानेच मोडलं म्हण, मी होय म्हणेन. हे पत्र तुझ्या आईबाबांना दाखवायचं असलं तरी दाखव, मी काही लपवून ठेव म्हणत नाही. हे पोस्टात टाकलं की लगेच काकांना फोन करून सांगणार आहे की मी तुला पूर्ण प्रश्न कळवलाय, तुझ्या उत्तराची वाट न बघता. तुला आता सगळं दिसलंय, आणि मी अजून इथेच आहे, खोली नंबर अकरा, निलेशच्या शेजारची खाट, हाच फोन नंबर.

तुझं उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
चंदन